दारात कोण आलं?

श्रोतेहो, नमस्कार.

महाराष्ट्राच्या आरोग्याचा इतिहास सांगायला बसलं की जीभ आपसूक मोठमोठ्या इमारतींकडे वळते. १८४५ सालचं ग्रँट मेडिकल कॉलेज, त्याला जोडलेलं जे. जे. रुग्णालय, परळचं १९२६ सालचं के. ई. एम. रुग्णालय. डॉ. भाऊ दाजी लाड ग्रँटच्या पहिल्या तुकडीतले. हे सगळं खरंच. पण जुन्या पिढीच्या बोलण्यात इस्पितळ फार उशिरा डोकावतं. आधी येतो तो दाराशी आलेला माणूस. आज त्याच्याविषयी बोलू.

देवीची लस मुंबईत आली १८०२ च्या जूनमध्ये. व्हिएन्ना, बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करत. १४ जूनला अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस उठली. तिच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्या मुलांना, त्यांचा तिसऱ्यांना, असं करत ती पुढे सरकली. त्या काळी ना बर्फ, ना फ्रीज. लस टिकवायची तर ती सतत कुणाच्या तरी अंगात हवी. आता आईच्या जागी उभं राहून बघा. कुणाच्या कोण जाणे अशा पोराचा पू आपल्या लेकराच्या दंडात घालायचा, तोही शितळामाईचा कोप ओढवेल या धास्तीत! टोचणारा गावात शिरला की पोरं लपवली जायची, यात मला तरी नवल वाटत नाही.

मग आला प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. घरात उंदीर पडायला लागले, की चार-आठ दिवसांत कुणाच्या जांघेत, कुणाच्या काखेत गाठ आणि सणसणून ताप. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. तिकडे सरकारने फेब्रुवारीत साथरोग कायदा केला. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख म्हणून रँड आला आणि घरझडतीला त्याने गोरे सोल्जर लावले.

पेठांमधली ती झडती डोळ्यांपुढे आणा. बूट घातलेले शिपाई थेट माजघरात, देवघरात. बायकांना परक्या पुरुषांसमोर उभं करून तपासायचं. आजारी सापडला की त्याची रवानगी इस्पितळात, घरातल्यांची सेग्रिगेशन म्हणजे वेगळं ठेवायच्या छावणीत, आणि अंथरूण-पांघरुणाची होळी. रोगी वेगळा काढायचा, घर स्वच्छ करायचं, हे त्या वेळच्या समजुतीप्रमाणे चुकीचं नव्हतं. पण या थाटात आलेल्या माणसाला आपला रोगी कोण दाखवेल? लोक आजार लपवू लागले, म्हणजे साथीला रान मोकळं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ते आपण शाळेत शिकतो. तिच्यामागे हे माजघर होतं.

त्याच महिन्यांत, त्याच पुण्याच्या वेशीवर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी माळावर दवाखाना थाटला होता. मुंढव्याचं एक आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सोल्जरही रोगी शोधत होता, सावित्रीबाईही. याहून जास्त मी काही बोलत नाही.

पुढची बरीच वर्षं मी भरभर ओलांडतो. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रं आली, पण पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या पाड्यावर कोण जाणार, हा प्रश्न उरलाच. १९७० मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी त्याचं उत्तर गावातच शोधलं. त्यांनी बायका निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित. बाळंतपण, जुलाब, पोरांचं वजन, सगळं त्यांच्या हाती दिलं. जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिच्या हातचं औषध गाव घेऊ लागलं.

गडचिरोलीत १९८६ पासून काम करणारे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. नवजात बाळ न्यूमोनियाने जातं, पण ओळखायचं कसं? मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास ही खूण. सुईणीला तर साठपर्यंत मोजता येत नाही. म्हणून तिला मण्यांची लाकडी चौकट आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ दिलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सहाव्या, लाल मण्यापर्यंत पोचली, तर बाळ आजारी. प्रशिक्षित आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला ऊब देणं, अंगावर पाजणं, जंतुसंसर्ग झाला तर प्रतिजैविक देणं हे करू लागल्या. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले.

हेच काम आज आपल्या गावातली आशाताई करते. बाळ जन्मलं की पहिल्या सहा आठवड्यांत ठरलेल्या दिवशी घरी येते. कोविडमध्ये ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरली तीही तीच. सरकारदरबारी मात्र ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे, आणि तिच्या हाती पडतो तो पगार नाही, मोबदला. तो वाढावा आणि वेळेवर मिळावा म्हणून तिला अधूनमधून मुंबईच्या आझाद मैदानात येऊन बसावं लागतं.

नमस्कार.