कादंबिनी गांगुली : एका डॉक्टर स्त्रीचे भरलेले घर

श्रोतेहो, डॉ. आनंदीबाई जोशी आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहेत. मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच 1886 साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या आणि पुढे तीन तपांहून अधिक काळ रोगी तपासत राहिलेल्या कादंबिनी गांगुली मात्र बंगालबाहेर फारशा कोणाला आठवत नाहीत. अकाली मृत्यूची जशी कथा होते, तशी वर्षानुवर्षे चाललेल्या कामाची होत नाही, हे त्यामागचे एक कारण असावे. म्हणून आज मी त्यांच्या पदव्यांइतकेच त्यांच्या घराविषयीही बोलणार आहे.

कादंबिनींचा जन्म 1861 साली भागलपूरचा. वडील ब्रजकिशोर बसू शाळेचे मुख्याध्यापक आणि ब्राह्मो समाजाचे कार्यकर्ते होते. 1883 साली चंद्रमुखी बसूंसह त्या कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. या दोघी देशातल्या पहिल्या स्त्री-पदवीधर. त्याच वर्षी त्यांनी द्वारकानाथ गांगुलींशी विवाह केला. द्वारकानाथ त्यांचे शिक्षक होते, ‘अबलाबांधव’ या स्त्रियांची बाजू मांडणाऱ्या पत्राचे संपादक होते, विधुर होते आणि वयाने सतरा वर्षांनी मोठे होते. सुधारक म्हणवणाऱ्या मित्रमंडळींतही या लग्नावरून नाराजी झाली. मला विशेष वाटते ते असे की द्वारकानाथांची पहिल्या लग्नाची मुलगी बिधुमुखी हिच्यात आणि या नव्या आईत वयाचे अंतर अगदी थोडे होते.

बिधुमुखीचा विवाह चित्रकार व बालसाहित्यिक उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्याशी झाला आणि लेक-जावयाचे बिऱ्हाडही कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरच्या, ब्राह्मो समाजाच्या मंदिरासमोरील त्याच मोठ्या घरात राहिले. सुकुमार राय यांचा जन्म 1887 मधला, त्या घरातला. सत्यजित राय हे या सुकुमारांचे पुत्र. म्हणजे कादंबिनींची स्वतःची मुले आणि त्यांची सावत्र नातवंडे एकाच छपराखाली बरोबरीने वाढत होती आणि मामा-भाचे खेळगडी होते. सावत्र अपत्ये धरून आठ मुलांचा सांभाळ कादंबिनींकडे होता. ‘आठ मुले सांभाळून एकटीने सारे केले’ असे कौतुक आपण सहज करतो, पण ते मला पटत नाही. शिकण्याचा निश्चय आणि कष्ट त्यांचे होतेच. तरी कर्ती लेक हाताशी आणि पत्नीच्या शिक्षणासाठी झगडणारा नवरा पाठीशी होता, म्हणूनच त्यांचा पाय घरात अडकून पडला नाही.

मेडिकल कॉलेजात स्त्रीला प्रवेश देण्यास अध्यापकांचा विरोध होता. अंतिम परीक्षेत एका विषयात त्यांना अनुत्तीर्ण ठरवण्यात आले आणि अखेर पदवीऐवजी त्याच कॉलेजची वेगळी पदविका मिळाली. बाळंतपणासाठी त्या फक्त तेरा दिवस गैरहजर राहिल्या, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1888 च्या एका पत्रात आश्चर्याने लिहिले आहे. त्याच वर्षी लेडी डफरिन रुग्णालयात त्यांना महिना तीनशे रुपयांवर नेमण्यात आले. मात्र पदविकेच्या बळावर युरोपीय डॉक्टरांच्या बरोबरीचा मान मिळेना, तेव्हा 1893 साली मुलांना घरी ठेवून त्या विलायतेस गेल्या आणि एडिंबराहून तिहेरी पदविका, म्हणजे स्कॉटलंडमधील तीन वैद्यक संस्थांची एकत्रित पदविका, घेऊन परतल्या. बिधुमुखी घरी नसती तर हा प्रवास झाला असता का, याची मला शंका आहे.

मानाची गोष्ट तरीही सोपी नव्हती. एका मोठ्या घरी अवघड बाळंतपण सोडवल्यावर त्यांना व्हरांड्यात जेवायला वाढले आणि उष्टे काढून जागा पुसायला सांगितले, कारण यजमानांच्या लेखी त्या सुईणच होत्या; हा प्रसंग नातवंडांच्या आठवणींत आला आहे. घोडागाडीतून रोग्यांकडे जाताना त्यांचे हात सुंदर लेस विणत असत, असेही नातवंडे सांगतात. आणि अशा घरगृहस्थीतल्या बाईवर ‘बंगवासी’ या सनातनी पत्राने 1891 साली कुलटेचा आरोप केला! गांगुली दांपत्य न्यायालयात गेले आणि संपादकाला सहा महिन्यांची कैद व शंभर रुपये दंड झाला.

आपल्या प्रांताशी त्यांचा संबंध 1889 च्या मुंबई काँग्रेसमुळे आला. प्रथमच स्त्री-प्रतिनिधी आल्या त्या अधिवेशनात पंडिता रमाबाई व काशीबाई कानिटकर यांच्याबरोबर त्या बसल्या होत्या. पुढच्याच वर्षी कलकत्त्याला त्यांनी व्यासपीठावरून इंग्रजीत आभारप्रदर्शन केले.

1898 मध्ये द्वारकानाथ गेले. मुले मार्गी लागायची होती आणि संसाराचा भार कादंबिनींच्या मिळकतीवर आला, त्यामुळे रोग्यांकडील फेऱ्या चालूच राहिल्या. कन्या ज्योतिर्मयी शिक्षिका झाली आणि स्वातंत्र्यलढ्यात उतरली. पुत्र प्रभातचंद्र पत्रकार झाला. 1922 साली, साठी उलटल्यावर, कवयित्री कामिनी राय यांच्यासमवेत कादंबिनी बिहार-ओडिशातील कोळसा खाणींतल्या मजूर स्त्रियांची स्थिती पाहण्यास गेल्या. 3 ऑक्टोबर 1923 रोजी त्यांचे निधन झाले. त्या दिवशीही त्यांनी एक शस्त्रक्रिया केली होती.