खोदकाम समुद्राचं, वेचणं आपलं

मंडळी, जीवाश्म शोधायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न हातोडीचा येतो. कुठली घ्यायची, किती वजनाची. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला हातोडी घरीच राहू द्या. आज मी ज्या किनाऱ्याबद्दल बोलणार आहे, तिथे खोदकाम समुद्र करतो. आपल्याला फक्त वाकून बघायचं असतं.

हा किनारा इंग्लंडच्या दक्षिणेला, डेव्हन आणि डॉर्सेट या परगण्यांत. एक्समथपासून स्टडलंडच्या उपसागरापर्यंत साधारण दीडशे किलोमीटर. ‘जुरासिक कोस्ट’ म्हणतात त्याला. २००१पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना साडेअठरा कोटी वर्षांचे खडक दिसतात. सगळं बघायच्या फंदात नवख्याने पडू नये. लाइम रीजिस आणि चारमथ ही शेजारशेजारची दोन गावं पुष्कळ झाली. लंडनच्या वॉटर्लूहून ॲक्समिन्स्टरपर्यंत रेल्वे, पुढे बस.

इथल्या कड्यांत करड्या चुनखडीचा थर, त्यावर काळपट शेलचा (म्हणजे चिखल दाबून झालेल्या पापुद्र्यांच्या खडकाचा), की पुन्हा चुनखडी. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी उबदार समुद्राच्या तळाशी साचलेला हा चिखल. पावसाने तो भिजतो, दरड खाली येते, लाटा माती धुऊन नेतात आणि जड ऐवज मागे राहतो. म्हणून खरा हंगाम हिवाळ्याचा, त्यातही वादळ होऊन गेल्यावरचा. ऑगस्टमध्ये जाल तर जीवाश्मांपेक्षा माणसंच जास्त. (आपल्या कोकणात असं का सापडत नाही, हे मला नेहमी विचारतात. सह्याद्री आणि कोकणचा बहुतेक कातळ लाव्हाचा. तापलेल्या लाव्हात शिंपले कुठून जपले जाणार?)

चारमथला मोठ्या गोट्यांच्या मध्ये बारीक खड्यांचे पट्टे असतात. तिथे उकिडवे बसा आणि घाई करू नका. पहिली पंधरावीस मिनिटं सगळं एकसारखंच दिसतं. मग नजर बसते. एखादा तपकिरी, गुळगुळीत, एका टोकाला निमुळता तुकडा हाती लागतो; तो बेलेमनाइट, म्हणजे माकुळाच्या एका प्राचीन भाईबंदाच्या शरीरातला टणक भाग. आणि नशीब असेल तर पितळी रंगाचा, रुपयाच्या नाण्याहून लहान वेटोळा. हा पायराइटचा, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाचा ॲमोनाइट; माकुळाच्याच नात्यातल्या, आता नामशेष झालेल्या प्राण्याचा वेटोळा शिंपला. बोटांत धरलात की आकाराच्या मानाने जड लागतो, आणि ओला असताना त्याच्या बरगड्या एकेक मोजता येतात.

आता कुणाच्या मनात येईल, वारसास्थळावरून वस्तू उचलायची म्हणजे चोरीच की! इथे विचार उलटा आहे आणि मला तो पटतो. वेचलं नाही तर लाटा त्याची वाळू करून टाकणार. म्हणून किनाऱ्यावर सुटं पडलेलं उचलायला या भागात मुभा आहे. कडा खोदायचा मात्र नाही, आणि शास्त्रीय महत्त्वाचं काही सापडलं तर चारमथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये नोंदवायचं. लाइमच्या पश्चिमेला मॉनमथ बीचवर चुनखडीच्या लादीत फूटभराहून मोठे ॲमोनाइट रुतलेले आहेत. ते बघायचे, फोटो काढायचे, बस्स.

ही वेचण्याची परंपरा ज्या बाईमुळे जगाला कळली ती मेरी ॲनिंग, जन्म १७९९, लाइमचीच. बाप सुतार, तो गेला तेव्हा घरावर कर्ज. पोरगी जीवाश्म विकून घर चालवायला हातभार लावायची. १८११मध्ये भावाला एक कवटी दिसली, पुढे बाकीचा सांगाडा मेरीने शोधला, जेमतेम बारा-तेरा वर्षांची असताना. तो इक्थिओसॉर, माशासारख्या आकाराचा प्राचीन समुद्री सरपटणारा प्राणी. १८२३मध्ये तिने प्लेसिओसॉरचा, म्हणजे लांब मानेच्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा, सबंध सांगाडा काढला, तर पॅरिसच्या क्युव्हिएसारख्या पंडिताला आधी तो बनावट वाटला! लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने बायकांना सभासदत्व दिलं १९१९मध्ये; मेरी १८४७मध्येच गेली होती. गावात तिचा पुतळा उभा राहायला २०२२ उजाडलं. पुतळ्यात तिच्यासोबत ट्रे नावाचा कुत्रा आहे. १८३३मध्ये हा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत दरडीखाली गेला.

तेव्हा कड्याच्या पायथ्याशी जाऊ नका. सुरक्षित दिसणारा कडाही कोसळतो, आणि दरडीचा चिखल वरून सुकलेला, आत कंबरभर असू शकतो. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ओहोटी सुरू असताना निघायचं आणि पाणी फिरायच्या आत माघारी यायचं. कडा आणि पाणी यांच्यामध्ये अडकलात तर वाट उरत नाही. पहिल्याच खेपेला सेंटरची मार्गदर्शकासोबतची फेरी घेतलीत तर उत्तम.

हं, मागून विचारतायत की हा ॲमोनाइट म्हणजे आपला शाळिग्रामच ना? कूळ तेच. गंडकीतले चक्रांकित शाळिग्राम हे ॲमोनाइटच, हिमालयाच्या जागी पूर्वी जो समुद्र होता त्यातले. पण चारमथचा पितळी ॲमोनाइट देवघरात ठेवून रोज अभिषेक करू नका. पायराइटला ओल सोसत नाही, हळूहळू त्याची भुकटी होते. आणल्यावर गोड्या पाण्याने खारटपणा काढा, चांगला सुकवा आणि घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात पुडी बदला.