अर्धा पुरस्कार नको

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय शांताल पेतिक्लेर हिच्याबद्दल. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातली ही व्हीलचेअर धावपटू. पदकांचा हिशेब आधीच सांगून टाकतो: पाच पॅरालिम्पिक, 21 पदकं, त्यांतली 14 सुवर्ण.

तेरा वर्षांची असताना एका शेतावर कोठाराचं जड दार तिच्या अंगावर कोसळलं आणि कमरेखालची ताकद गेली. शाळेतले व्यायामशिक्षक गास्तों जाक तिला दुपारच्या सुट्टीत पोहायला नेऊ लागले. खांदे, दंड तिथेच तयार झाले. अठराव्या वर्षी ती शर्यतीच्या खुर्चीत बसली आणि पहिल्याच शर्यतीत शेवटची आली.

ही खुर्ची म्हणजे दवाखान्यात दिसते ती नव्हे. मागे दोन मोठी चाकं, वरच्या बाजूनं आत कललेली. पुढे लांब दांडीच्या टोकाला एक छोटं चाक. खेळाडू पाय मुडपून, छाती जवळजवळ गुडघ्यांना टेकवून बसतो. चाक मुठीत धरायचं नाही. जाड, कडक हातमोज्यानं चाकाच्या कड्यावर जोरात थाप मारायची, कडं खाली रेटायचं आणि सोडून द्यायचं. पाऊस असला की कडं ओलं होतं, हात सटकतो. थांबलेली चाकं पहिल्यांदा हलवायची म्हणजे तर घामच फुटतो. शंभर मीटरला सगळा खेळ त्या सुरुवातीचा. पंधराशेला मात्र पुढच्याच्या आडोशाला राहून वारा चुकवायचा आणि नेमक्या क्षणी बाहेर पडायचं. दोन्ही एकाच माणसाला जमणं कठीण. शांतालनं 2004 साली अथेन्सला 100, 200, 400, 800 आणि 1500 अशा पाचही शर्यती जिंकल्या. चार वर्षांनी बीजिंगला, वयाच्या 38व्या वर्षी, पुन्हा त्याच पाच!

पण मला खरी शांताल दिसते ती अथेन्सनंतर. कॅनडाच्या अॅथलेटिक्स संघटनेनं वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार तिला दिला, पण विभागून. दुसरी मानकरी होती अडथळ्यांच्या शर्यतीतली पर्डिटा फेलिसिएन. 2003 ची जगज्जेती, गुणी खेळाडू, यात वाद नाही. पण अथेन्स ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत ती पहिल्याच अडथळ्याला अडखळून पडली होती. एकीकडे पाच सुवर्णपदकं आणि तरी बरोबरी! शांतालनं पुरस्कार नाकारला. फेलिसिएनबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. पॅरालिम्पिकचं पदक कमी वजनाचं धरलं जातंय, हे तिला मान्य नव्हतं. पुरस्कार मिळतोय ना, मग घ्या की गप्प, असं म्हणणारे तिथेही असणारच.

आपण तरी काय वेगळे? सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात जखमी झालेले हे जवान 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले, भारताचं पहिलं. पद्मश्री मिळाली 2018 साली. मधली वर्षं तुम्हीच मोजा.

शांताल पुढे 2016 मध्ये कॅनडाच्या सिनेटवर गेली. पण त्याआधी, 2008 साली, सगळ्या खेळांतून देशातला एक सर्वोत्तम खेळाडू निवडणारा लू मार्श पुरस्कार तिला जाहीर झाला. या वेळी वाटेकरी कुणी नव्हतं. तो तिनं घेतला.

नमस्कार.