दोन तासांचं पॉम्पेई

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतले एक निवृत्त बँक मॅनेजर दोन माहितीपत्रकं घेऊन घरी आले. दोन्ही इजिप्तच्या सहलीची, दिवस सारखेच. एका सहलीत पुरातत्त्वाचे प्राध्यापक सोबत, दुसरीत नाहीत. आणि किमतीत फरक सत्तर हजारांचा. म्हणाले, "बाई, तुम्ही दोन्ही प्रकारांनी जाऊन आलात. ह्या सत्तर हजारांत हाती काय लागतं, ते सांगा." त्यांना जे सांगितलं तेच आज तुमच्यापुढे मांडते.

मी 32 वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर पहिली परदेशवारी झाली ती इटली आणि स्वित्झर्लंडची, नऊ दिवसांची. बसमध्ये आम्ही 44 जण. यादीत पॉम्पेई होतं, म्हणून तर मी ती सहल निवडली. सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे शहर मी फळ्यावर किती वेळा काढलं असेल! ते 66 हेक्टरांवर पसरलंय, म्हणजे आपल्या हिशेबात 160 एकरांच्या वर. आमच्या वाट्याला आले दोन तास. त्यातला निम्मा वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेत आणि चुकलेल्या माणसांना हुडकण्यात गेला. टूर मॅनेजर पोरगा भला होता, छत्री उंच धरून पळत होता बिचारा. एक भट्टी दाखवली, एक चौक दाखवला, "फोटो काढून घ्या, अडीचला बस." त्यानंतर शिंपल्यावर कोरीवकाम करून विकणाऱ्या एका दुकानात मात्र आम्ही एक तास दहा मिनिटं होतो. मी घड्याळ पाहिलं होतं.

परत आल्यावर चार महिन्यांनी नातवाला घेऊन तेरला गेले, गोरोबाकाकांच्या दर्शनाला. ऊन होतं म्हणून तिथल्या लामतुरे संग्रहालयात शिरलो. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या मातीतून निघालेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, त्यांचं हे संग्रहालय. तिथं हस्तिदंताची एक छोटी बाई आहे. अंगावर दागिने, बारीक कोरीवकाम. मी पुढं सरकणार, तेवढ्यात वहीत काहीतरी टिपत बसलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, "मावशी, हिची बहीण इटलीत आहे, माहितीय का?"

मला माहीत नव्हतं. 1938 साली पॉम्पेईच्या उत्खननात भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती मिळाल्या त्या आपल्याकडे, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. म्हणून ती इकडूनच गेली असावी असं अभ्यासक मांडतात. 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, इथून माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असल्याचं लिहिलेलंच आहे. हा उतारा मी मुलांकडून पाठ करून घ्यायचे! आणि आमच्या गावाकडची ती बाई नेपल्सला उभी असताना मी तिथून पंचवीसेक किलोमीटरवर शिंपल्याच्या लॉकेटची घासाघीस करत होते.

चिडले, पण कोणावर चिडायचं? कंपनीनं पत्रकात 'पॉम्पेई दर्शन' लिहिलं होतं, दर्शन घडवलं. आणि खरं सांगायचं तर मीही हेच केलंय. शाळेची सहल एसटीनं काढायची, एका दिवसात देवगिरी, वेरूळ, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा, पाणचक्की. कैलास लेण्यापुढं पोरांना रांगेत उभं करायचं, "हे एकाच खडकात वरून खाली कोरलंय" एवढं ओरडायचं, डबे उघडायचे, निघायचं. एक वर्ष तर आम्ही मंगळवारी पोहोचलो. मंगळवारी वेरूळ बंद असतं.

दुसरी सहल तीन वर्षांनी, कंबोडियाची. ह्या वेळी निवृत्त पुरातत्त्वज्ञ सोबत, माणसं 14, दिवस आठ, खर्च माणशी 1 लाख 65 हजार. साधी सहल एक लाख दहाच्या आसपास मिळत होती. आमचे हे म्हणाले, "वरच्या पैशात अजून एक बोअर पाडून झालं असतं." गेले मी एकटीच.

निघण्याआधी दोन महिने सरांनी चार वेळा ऑनलाइन बोलावलं, नकाशे पाठवले आणि एक अट घातली. येण्यापूर्वी प्रत्येकानं वेरूळला जाऊन कैलासाच्या दोन्ही अंगांचे कोरीव पट नीट पाहून यायचे. उत्तरेकडे महाभारत, दक्षिणेकडे रामायण. मी वेरूळला पंधरा-वीस वेळा तरी गेले असेन, ते पट ओळीनं कधी वाचले नव्हते. तेव्हाच मला कळलं की माझे पैसे अर्धे वसूल झाले, आणि अजून मी विमानात पाय ठेवला नव्हता.

कंबोडियातलं अंगकोर वाट हे मंदिर बाराव्या शतकात सूर्यवर्मन दुसरा याने बांधलं. आपली बहुतेक मंदिरं पूर्वेकडे तोंड करून असतात, हे पश्चिमेकडे. सर म्हणाले, आत गेल्यावर सवयीनं डावीकडे वळू नका, उजवीकडे वळा. म्हणजे उलटी प्रदक्षिणा, मंदिर आपल्या डाव्या हाताला. का, तर भिंतीवरचे पट त्या क्रमानं लागतात, आणि उलटी प्रदक्षिणा अंत्यविधीशी जोडलेली असल्यामुळे हे राजाचं स्मारकमंदिर असावं असं मानणारे अभ्यासक आहेत. पहिलाच पट कुरुक्षेत्राचा. गर्दीतून आमच्यातल्या आजींनी बोट दाखवलं, "भीष्म की हो!" बाणांच्या शय्येवर, बरोब्बर. पुढे यमाचा दरबार, चित्रगुप्त, नरकातल्या शिक्षा. मग समुद्रमंथनाचा पट, 49 मीटर लांब. एका सकाळी आम्ही फक्त पश्चिम आणि दक्षिण बाजू पाहिली, दुसऱ्या दिवशी मंथनापाशी परत आलो. तिथं परवाना असलेला स्थानिक गाईडच बोलू शकतो, त्यामुळे सर मंदिरात कमीच बोलायचे, पण गाईडला नेमका प्रश्न विचारून त्याच्याकडून काढून घ्यायचे. खरा तास रात्री, हॉटेलच्या जेवणघरात, टेबलावर छायाचित्रं मांडून.

एक प्रसंग मात्र विसरणार नाही. अंगकोरचा पश्चिम बाराय, म्हणजे मानवनिर्मित जलाशय, सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद. त्याच्या काठावर औशाकडचे एक शेतकरी उभे राहिले आणि म्हणाले, "सर, एवढं पाणी असून गाव कामून उठलं?" सर तिथंच बसले. झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून चौदाव्या आणि पंधराव्या शतकातले दीर्घ दुष्काळ आणि मधूनच आलेला तुफान पाऊस कसा ताडला, कालवे कसे फुटले आणि गाळानं भरले, त्यात शेजारच्या राज्याच्या स्वाऱ्या कशा होत्या, हे सांगितलं. बाराय शेतीसाठी की राजाच्या वैभवासाठी यावर अजून वाद आहे, हेही सांगितलं. आम्ही चौदाच्या चौदा जण मराठवाड्याचे. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं पाहिलेले. कुणी काही बोललं नाही. साध्या सहलीत तो प्रश्न उठला असता, पण उत्तर द्यायला कोणी नसतं, आणि बस निघाली असती.

आता हिशेब. आपल्याला वाटतं जादाचे पैसे तज्ज्ञाला जातात. मांडून पाहा. त्यांचा प्रवास-मुक्काम एक लाख धरा, मानधन दीड लाख धरा. अडीच लाख भागिले 14, माणशी अठरा हजारांच्या आत. माझा फरक तर पंचावन्न हजारांचा होता. उरलेले गेले कुठं? छोटा गट म्हणून बसचं भाडं थोड्यांत वाटलं गेलं. एकाच गावी पाच रात्री. दुकानात थांबणं नाही, म्हणजे तिकडून मिळणारं कमिशनही नाही. अंगकोरचा एका दिवसाऐवजी सात दिवसांचा पास, 37 डॉलरच्या जागी 72. थोडक्यात, जादा पैसा बहुतेक वेळेपायी गेला. म्हणून पत्रकात तज्ज्ञाचा फोटो पाहून भुलू नका, मुक्कामांची यादी पाहा. रोज नवं गाव आणि सोबत मोठे प्राध्यापक, अशी सहल असेल तर ते प्राध्यापक बसमध्ये माइकवर बोलणार आणि तुम्ही झोपणार.

तज्ज्ञ पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सोबत आहेत की दोन संध्याकाळी भाषण देऊन जाणार, हे लेखी घ्या. ते आजारी पडले तर कोण, तेही विचारा. एकट्यानं जाणार असाल तर स्वतंत्र खोलीचा अधिभार सुरुवातीलाच विचारा, माझ्या पोटात गोळा आला होता तो आकडा ऐकून. परदेशी सहलीच्या रकमेवर कंपनी टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, घेते, त्याचं प्रमाणपत्र सांभाळा, विवरणपत्र भरताना ती रक्कम वळती करून घेता येते. आणि आपल्याला मुंबई किंवा हैदराबाद गाठायचा खर्च वेगळाच, तो पत्रकात कधीच नसतो.

मुलं, सुना, नातवंडं घेऊन मजेला जायचं असेल तर साधी सहल घ्या, तिथं भिंतीवरचा पट पाहायला चार तास उभं राहणारी माणसं घरात भांडणं लावतील. गुडघे दुखत असतील तरी विचार करा, अंगकोरच्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या आहेत. कर्ज काढून मात्र कोणतीच सहल करू नका.

मॅनेजरसाहेबांना मी इजिप्तबद्दल हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही. विचारलं, वेरूळ नीट पाहिलंय का? म्हणाले, चार वेळा. म्हटलं, महाभारत कुठल्या बाजूला आहे? गप्प बसले. पुढच्या रविवारी आम्ही आठ जण जाणार आहोत, लेण्यांवर काम केलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांना घेऊन. जीपभाडं, तिकीट, त्यांचं मानधन धरून माणशी बाराशेच्या आत बसतंय.

नेपल्सची ती बाई अजून पाहायची राहिलीय. पैसे साठवतेय. ह्यांनी दरम्यान ते बोअर पाडलं, साडेतीनशे फुटांवर नुसता धुरळा. आता इटलीचं नाव काढलं की ते काही बोलत नाहीत.

नमस्कार.