मुकुट कुणाच्या हातात आहे?

(दृश्य: फर्दापूर फाट्यावरून लेण्यांकडे निघालेली बस. धुळकट काच, बाहेर वाघोरा नदीची दरी. सुरुवातीला फक्त बसचा आवाज.)

अजिंठ्याला पहिल्यांदा आलो तो शाळेच्या सहलीतून. लक्षात राहिल्या त्या दोनच गोष्टी: डब्यातल्या दशम्या आणि गाइडची बॅटरी. एक नंबरच्या लेण्यात त्यानं गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीवर एका बाजूनं उजेड टाकला आणि म्हणाला, "बघा, हसतायत." दुसऱ्या बाजूनं टाकला. "आता गंभीर." मग समोरून. "आता ध्यानस्थ." आम्ही पोरं प्रत्येक वेळी एका सुरात "हो" म्हणालो. तो काही न बोलता नुसती बॅटरी फिरवता, तर आम्हाला काय दिसलं असतं, कोण जाणे.

आज त्या लेण्यात थांबायचं नाही. सरळ सोळा नंबरला.

(दृश्य: लेणे क्रमांक 16. बाहेरच्या उन्हातून आत. काही क्षण पडदा जवळजवळ काळा.)

डोळे सरावायला वेळ लागतो. लागू द्या. हे लेणं वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानं कोरवून घेतलं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात. बाहेर त्याचा शिलालेख आहे, त्यामुळे कुणी करवलं हे तरी पक्कं. भिंतींवरची चित्रं कुणी काढली, ते मात्र कुठंच कोरलेलं नाही. चित्रांखाली प्रसंगांची नावंही नाहीत.

आपल्याला ज्या चित्रापाशी जायचंय त्याला मात्र एक नाव आहे, आणि ते फार प्रसिद्ध आहे. मरणासन्न राजकुमारी.

(दृश्य: चित्र संथपणे जवळ येतं. आधी फक्त चेहरा.)

मान कलली आहे. डोळे अर्धवट मिटलेले. खाली येऊया. डावा हात उशीवर टेकलाय, पण त्यात जोर नाही. मागून एका दासीनं तिला सावरून धरलंय. दुसरी तिचा हात हातात घेऊन चेहऱ्याकडे टक लावून बघतेय. एक पंखा हलवतेय. दारातून पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा आत डोकावतोय. आजारी माणसाच्या खोलीत डोकावतात तसा, आत यावं की नको अशा बेतानं.

जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचा. 1872 ते 1885 या काळात तो विद्यार्थ्यांना घेऊन इथं येत राहिला आणि भिंतींवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवून घेत राहिला. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकीच. त्यांच्या श्रमांतल्या कितीतरी प्रती पुढं लंडनमध्ये आगीत जळाल्या, ती वेगळीच रड. पण हे चित्र पाहून ग्रिफिथ्स अक्षरशः थक्क झाला होता. त्यानं लिहून ठेवलं की फ्लोरेन्सच्या चित्रकारानं यापेक्षा चांगलं रेखाटन केलं असतं, व्हेनिसच्या चित्रकारानं चांगले रंग भरले असते, पण याहून जास्त भाव दोघांनाही ओतता आला नसता. आणि हेही लिहिलं की गोष्ट निःसंदिग्धपणे सांगण्यात या चित्राला तोड नाही.

आता गंमत बघा. भाव त्याला बरोबर कळला. गोष्ट चुकली.

(दृश्य: दासीनं धरलेला हात. तिथंच थांबून.)

हा हात. ग्रिफिथ्सला वाटलं, दासी नाडी बघतेय. वाटणारच. एकदा 'ही मरतेय' असं मनाशी ठरलं की धरलेला हात म्हणजे नाडी, डोकावणारा म्हातारा म्हणजे काळजी आणि खाली बसलेल्या बायका म्हणजे रडारड. सगळं कसं जिथल्या तिथं बसतं. इतकं चपखल की एक माणूस उरतो, हे ध्यानातच येत नाही.

(दृश्य: कॅमेरा पलंगापासून दूर सरकतो. खाली मान घातलेला एक सेवक. हळूहळू त्याचे हात.)

हा तो. याच्या हातात मुकुट आहे.

मरणाऱ्या बाईच्या घरी एखादा नोकर मुकुट घेऊन का येईल? औषध आणेल, वैद्याला आणेल. मुकुट कशाला? चित्र वाचताना मला हा एवढाच प्रश्न खरा उपयोगी पडलाय: आपण लावलेल्या गोष्टीत कोण बसत नाही? मुद्रा, आसनं, रंगांचे अर्थ, सगळं पाठ करता येतं. मीही एकदा वहीत लिहून काढलं होतं. पण ती वही घेऊन इथं उभा राहिलो तेव्हा मीसुद्धा चेहऱ्यावरच अडकलो होतो. मुकुट मला दुसऱ्यानं दाखवला.

नंतरच्या अभ्यासकांनी गोष्ट लावली ती या मुकुटावरून आणि शेजारच्या प्रसंगांवरून. हा मुकुट नंदाचा आहे. नंद म्हणजे बुद्धाचा सावत्र भाऊ, आणि पलंगावरची ही त्याची बायको, सुंदरी. संस्कृत कवी अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' काव्यात त्यांची कथा येते. दोघांचा शृंगार चाललेला असतो. बुद्ध भिक्षेला दारात येतात, कुणाचं लक्ष जात नाही, ते तसेच परततात. कळल्यावर नंद ओशाळतो आणि त्यांच्या मागे निघतो. सुंदरी बजावते, माझ्या चेहऱ्यावरचं हे विशेषक, म्हणजे नुकतंच रेखलेलं ओलं नक्षीकाम, वाळायच्या आत परत ये. तो येत नाही. बुद्ध त्याच्या हाती भिक्षापात्र देतात, विहारात नेतात, डोकं भादरायला लावतात.

घरी येतो तो मुकुट.

(दृश्य: पुन्हा सुंदरीचा चेहरा. या वेळी निवेदन काही क्षण थांबतं.)

ती मरत नाहीये. तिला आत्ता कळलंय. भिंतीवरची एक रेघही हललेली नाही, पण दासीनं धरलेला हात आता नाडीचा राहिला नाही, आणि दारातला म्हातारा बहुधा बातमी आत पोचली का, एवढंच बघतोय. त्याच्याबद्दल मी पैज लावणार नाही.

(दृश्य: भिंतीवरून आडवा सरकणारा कॅमेरा. खांब, दारं, गर्दी.)

ही चित्रं वाचायला अवघड जातात याचं एक साधं कारण आहे. आपल्याला डावीकडून उजवीकडे पानं उलटायची सवय. इथं तसा क्रम असेलच असं नाही. पुष्कळदा चित्रकारानं प्रसंग काळाप्रमाणे न लावता जागेप्रमाणे लावलेत. राजवाड्यात घडलेलं राजवाड्यापाशी, अरण्यात घडलेलं अरण्यापाशी, मग मधे कितीही दिवस गेलेले असोत. म्हणून तोच माणूस एका भिंतीवर चार वेळा भेटतो. प्रसंग संपला, हे सांगायला चौकट नाही. एखादा खांब येतो, एखादं दार, किंवा दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी असतात.

कोकणातल्या पिंगुळी गावच्या चित्रकथ्याकडे पोथी असते. एकेक चित्र पुढं करत तो गातो, आणि चित्र बदललं की ऐकणाऱ्यालाही कळतं, गोष्ट पुढं सरकली. इथंही कधीकाळी कुणी भिक्षू दिवा धरून सांगत असेल, असं मला वाटतं. आता चित्रं तेवढी उरलीत आणि बोलणारे आपण. त्यामुळे आपण काय वाट्टेल ते बोलतो.

एक नंबरमध्ये उंच टोप्यांच्या परदेशी माणसांचं एक चित्र आहे. वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यानं 1879 मध्ये सांगितलं, हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, इराणचा राजा खुसरो याच्या वकिलाला भेटतोय. दरबार, परदेशी पाहुणे, प्रतापी राजा, सगळं छान जुळत होतं. कित्येक पिढ्या हेच शिकल्या. पण पुलकेशी सातव्या शतकातला, आणि ते लेणं बहुतेक अभ्यासक आता हरिषेणाच्या काळातलं, म्हणजे पाचव्या शतकातलं मानतात. तो राजा कुठल्याशा बुद्धकथेतला असावा, यावर आता बहुतेकांचा भर आहे. तरी 'पुलकेशीचा दरबार' अजून ऐकू येतो. एकदा चिकटलेलं नाव चित्राच्या गिलाव्यापेक्षा टिकाऊ. गिलावा तर बिचारा मातीचा, त्यात भाताचा तूस आणि गवत. तो पोपडे धरून पडतो.

(दृश्य: लेणे क्रमांक 16 चा दरवाजा. बाहेरचा उजेड, आत येणाऱ्या पावलांचा आवाज.)

आम्ही आवरायला घेतलं तेव्हा एक मोठा ग्रूप आत आला. चाळीसेक माणसं, पुढं गाइड. तो सराईतपणे चित्रापाशी थांबला, बॅटरी लावली, आणि म्हणाला, "ही मरणासन्न राजकुमारी."

उजेड चेहऱ्यावर पडला. कुणीतरी "अरेरे" म्हटलं. मग तो गोल डाग हळूहळू दासीवर आला, पंख्यावर आला, तिथून बाजूला सरकायला लागला. मी श्वास रोखून बघत होतो.

मुकुटाच्या हातभर अलीकडे त्यानं बॅटरी विझवली आणि सगळ्यांना घेऊन सतरा नंबरकडे निघाला.