लाल मातीवरचा कान: सोनेशोधासाठी मेटल डिटेक्टर निवडताना

(दृश्य: ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याच्या मध्यभागातील विरळ निलगिरीचे रान. लाल माती, तिच्यात विखुरलेल्या पांढऱ्या गारगोट्या.)

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या वायव्येला सुमारे दोनशे किलोमीटरवर मोलियागुल नावाचे लहानसे गाव आहे. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी या गावाजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या कॉर्नवॉलहून आलेल्या दोन खाणकऱ्यांना झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली जेमतेम इंचभर खोलीवर, सोन्याचा एक गोळा लागला. त्यातून सुमारे ७२ किलो शुद्ध सोने निघाले. जवळच्या डनॉली गावी एवढे वजन पेलणारा काटाच नव्हता, त्यामुळे तो गोळा आधी ऐरणीवर फोडावा लागला आणि मग तुकड्यातुकड्यांनी जोखला गेला. ‘वेलकम स्ट्रेंजर’ या नावाने तो आजही ओळखला जातो.

त्यानंतर एकशे अकरा वर्षांनी, सप्टेंबर १९८० मध्ये, याच पट्ट्यातल्या किंगोवर गावाजवळ केव्हिन हिलियर यांच्या हातातील मेटल डिटेक्टर वाजला. सुमारे एक फूट खोलीवर २७ किलोंहून अधिक वजनाचा सोन्याचा गोळा उभा पुरलेला होता. ‘हँड ऑफ फेथ’ या नावाचा हा गोळा पुढे लास वेगासच्या एका कॅसिनोने दहा लाख डॉलरला विकत घेतला. मेटल डिटेक्टरने सापडलेला आजवरचा सर्वांत मोठा सोन्याचा गोळा म्हणून त्याची नोंद आहे.

पहिला डिटेक्टर विकत घ्यायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात बहुधा हीच गोष्ट घोळत असते आणि नेमकी तीच त्याची दिशाभूल करते. एक फुटावरचे २७ किलो सोने अगदी साध्या यंत्रालाही ऐकू आले असते. आज या रानात जे उरले आहे त्यातील बहुतेक सोने ग्रॅमभर किंवा त्याहूनही हलके असते. चाळीस-पन्नास वर्षे माणसे यंत्रे घेऊन याच जमिनीवरून फिरली आहेत आणि सहज मिळण्यासारखे होते ते त्यांनी नेले आहे.

(दृश्य: जमिनीलगत हळूहळू फिरणारी कॉइल. हेडफोनमधील मंद, अखंड गुणगुण.)

डिटेक्टरला सोने ओळखता येत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. खालच्या तबकडीसारख्या भागात, ज्याला कॉइल म्हणतात, तारेचे वेढे असतात. त्यांतून बदलता विद्युतप्रवाह सोडला की जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला तर त्याच्या अंगात आवर्त प्रवाह फिरू लागतात आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र वरचा दुसरा वेढा पकडतो. यंत्राला एवढेच कळते की खाली काहीतरी वीजवाहक आहे. छोट्या सोन्याचा, शिकारीच्या छर्‍याचा आणि अॅल्युमिनियमच्या चुरगळलेल्या कागदाचा आवाज जवळजवळ सारखाच येतो, त्यामुळे ‘फक्त सोनेच दाखवणारे यंत्र’ अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचण्याची गरज नाही.

या विद्येच्या आरंभीच्या काळातच तिची खरी अडचण उघडी पडली होती. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि शरीरात रुतलेली ती गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी आपले विद्युत उपकरण आणले. गोळी सापडली नाही. अध्यक्ष ज्या पलंगावर झोपले होते त्याच्या गादीतील पोलादी स्प्रिंगांनी उपकरणाला गोंधळात टाकले, हे अपयशाचे एक मोठे कारण मानले जाते. सोनेशोधकाच्या बाबतीत हा पलंग म्हणजे माती.

व्हिक्टोरियातील सोन्याच्या पट्ट्यात माती लाल असते, कारण तिच्यात लोह आहे. कोकणातला जांभा ज्याने पाहिला आहे, त्याला ही माती परकी वाटणार नाही. या मातीतले मॅग्नेटाइट आणि मॅगेमाइटसारखे लोहखनिज चुंबकीय क्षेत्राला स्वतःच प्रतिसाद देते. म्हणजे सोन्याचा क्षीण आवाज पोहोचण्याआधीच माती मोठ्याने बोलू लागते. त्यात भर म्हणून लोहाने भरलेले सुटे दगड असतात. ते हुबेहूब धातूसारखे वाजतात आणि दिवसभरात दहा-वीस वेळा माणसाला गुडघ्यावर बसवतात. त्यामुळे कोणते यंत्र घ्यावे, या प्रश्नाआधी ते कोणत्या मातीवर चालवायचे आहे, हे ठरवावे लागते.

बाजारात मुख्यतः दोन जातींची यंत्रे आहेत. पहिली व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी), म्हणजे सतत एका ठरावीक वारंवारतेची लहर सोडणारी. ती हलकी आणि तुलनेने स्वस्त असतात. हजार-दीड हजार ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये चांगले यंत्र मिळते. नाणी शोधण्याची साधी यंत्रे पाच ते दहा किलोहर्ट्झच्या आसपास चालतात, पण सोन्याच्या बारीक कणात उठलेला प्रवाह क्षणात विझतो आणि तो पकडायला वारंवारता वाढवावी लागते. म्हणून मायनलॅब कंपनीचे ‘गोल्ड मॉन्स्टर १०००’ ४५ किलोहर्ट्झवर, तर फिशर कंपनीचे जुने पण अजूनही आवडीने वापरले जाणारे ‘गोल्ड बग २’ ७१ किलोहर्ट्झवर चालते. उथळ जमिनीतले तांदळाच्या कणीएवढे सोने ही यंत्रे ऐकतात. शिवाय लोखंड ओळखून ते बाजूला ठेवण्याची थोडीफार सोय त्यांच्यात असते, जी जुन्या वस्तीच्या जागी, जिथे पावलापावलावर खिळे पुरलेले आहेत, फार उपयोगी पडते. मात्र लाल मातीवर नेताच त्यांची कटकट सुरू होते आणि सोन्याचा आवाज त्या कटकटीत हरवून जातो.

दुसरी जात पल्स इंडक्शनची. हे यंत्र सतत लहर सोडत नाही. ते एक जोरदार स्पंद सोडते, गप्प बसते, आणि सेकंदाच्या एक-दोन लक्षांशांनंतर कान लावते. तोवर मातीचा बराचसा प्रतिसाद ओसरलेला असतो, धातूतला प्रवाह मात्र रेंगाळत असतो. तरीही लोहयुक्त मातीचा काही भाग बराच वेळ कुरकुरत राहतो. अॅडलेडच्या मायनलॅब कंपनीतील पदार्थवैज्ञानिक ब्रूस कँडी यांनी वेगवेगळ्या लांबीचे स्पंद वापरून ही कुरकुर वजा करण्याची पद्धत विकसित केली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘एसडी २०००’ हे यंत्र बाजारात आले. ज्या लाल टेकड्या माणसांनी ‘संपल्या’ म्हणून सोडून दिल्या होत्या, तिथे पुन्हा सोने निघू लागले. खाली सोने होतेच. आधीच्या यंत्रांना ते ऐकू येत नव्हते. या जातीची उणीव अशी की ती लोखंड आणि सोने यांत जवळजवळ भेद करू शकत नाही; जे वाजेल ते खणावे लागते. किमतीही चढ्या आहेत, आणि सर्वांत वरची यंत्रे दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात जातात.

(दृश्य: दुकानाचे टेबल. एक सोन्याची अंगठी कॉइलसमोरून हलवली जाते. यंत्र जोरात वाजते.)

दुकानात यंत्राची परीक्षा बहुधा अंगठीवर होते आणि ती परीक्षा फसवी आहे. अंगठी हे बंद कडे असते. त्यातून आवर्त प्रवाह सहज गोल फिरतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या ओबडधोबड सोन्यापेक्षा ती कितीतरी मोठ्याने वाजते. उलट मंगळसूत्राची बारीक कड्यांची साखळी अंगठीहून जड असली तरी यंत्राला पुसटच ऐकू येते, कारण एका कडीतून दुसऱ्या कडीत प्रवाह नीट जात नाही. परीक्षा घ्यायची तर नैसर्गिक सोन्याच्या खड्यावर घ्यावी, आणि तो खडा हवेत न हलवता जिथे शोध घ्यायचा आहे त्याच मातीत पुरून घ्यावी.

खोलीचे दावेही जपून ऐकावेत. लहान वस्तूकडून येणारा संकेत अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो: चुंबकीय क्षेत्र खाली जाताना अंतराच्या घनाने क्षीण होते आणि परत येतानाही तसेच. म्हणजे खोली दुप्पट झाली की संकेत चौसष्टावा हिस्सा उरतो. दुप्पट किमतीचे यंत्र दुप्पट खोल जाईल, ही अपेक्षा निसर्गच मोडून काढतो. मोठी कॉइल मोठ्या आणि खोल सोन्यासाठी बरी, पण बारीक सोने तिला निसटते. लहान कॉइल उथळ, कचऱ्याने भरलेल्या जागी आणि झुडपांच्या बुंध्याशी चालते. एकच घ्यायची झाली, तर नवख्याने मधल्या मापाची, सुमारे अकरा इंची घ्यावी, असे आमचे मत आहे.

वजनाचा विचार दुकानात कोणी करत नाही. मायनलॅबचे ‘जीपीझेड ७०००’ ३.३ किलोंचे आहे, ‘जीपीएक्स ६०००’ सुमारे २.१ किलोंचे. सव्वा किलोचा हा फरक पहिल्या दहा मिनिटांत जाणवत नाही. उन्हात पाच तास हात डावीकडून उजवीकडे फिरवल्यावर मात्र तो खांद्याला कळतो. थकलेला हात कॉइल जमिनीपासून चार बोटे वर उचलू लागतो, आणि महागड्या यंत्राने मिळवलेली खोली तिथेच वाया जाते.

दोन गोष्टी यंत्राच्या पलीकडच्या आहेत. पिठासारखे बारीक सोने कोणत्याही डिटेक्टरला ऐकू येत नाही. आपल्याकडे सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन कण काढणारा झारेकरी जे पाणी आणि परात वापरतो, तेच तिथे कामी येते. दुसरी गोष्ट फसवणुकीची आहे. शेकडो मीटरवरून सोन्याची दिशा दाखवणारी, हातात धरायच्या अँटेनाची ‘लाँग रेंज’ यंत्रे गुप्तधनाच्या आशेवर आपल्याकडेही विकली जातात. त्यांच्या मागे कोणतेही पदार्थविज्ञान नाही. याच घडणीची बनावट यंत्रे बॉम्बशोधक म्हणून इराकला विकली गेली होती आणि त्या प्रकरणी २०१३ मध्ये ब्रिटनमधील न्यायालयाने विक्रेत्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

व्हिक्टोरियात शोध घेण्यासाठी ‘माइनर्स राइट’ नावाचा परवाना लागतो. खाणकऱ्यांनी १८५४ मध्ये केलेल्या युरेका बंडानंतर, १८५५ मध्ये, त्यांच्यावरील जाचक मासिक शुल्काच्या जागी तो आला. आज तो दहा वर्षांसाठी मिळतो. खणायचे ते हाताच्या अवजारांनीच, खासगी जमिनीत मालकाच्या संमतीने, आणि खड्डा पुन्हा बुजवून.

(दृश्य: गुडघ्यावर बसलेला शोधक. हातात प्लास्टिकचे टोपले, शेजारी चुंबक लावलेली कुदळ.)

हेडफोनमधील गुणगुण एका ठिकाणी किंचित वर उचलली जाते, पुन्हा बसते. कुदळीच्या तीन घावांनंतर आवाज खड्ड्यातून बाहेर काढलेल्या मातीच्या ढिगात सरकतो. शोधक मूठभर माती प्लास्टिकच्या टोपल्यात घेतो, कॉइलवरून फिरवतो. वाजले, तर अर्धी माती बाजूला टाकतो, उरलेली पुन्हा फिरवतो. चार वेळा अर्धे केल्यावर टोपल्यात चिमूटभर लाल माती उरते. कुदळीच्या चुंबकाला काहीच चिकटत नाही. तो चिमूट तळहातावर घेऊन फुंकर घालतो आणि मातीखालून करड्या रंगाचा, गोल, शिशाचा छर्रा दिसतो. तो खिशात टाकतो, खड्डा पायाने बुजवतो, आणि कॉइल पुन्हा जमिनीला लावतो.