गेटवर बोर्ड लागला, धूर टपरीवर गेला

नमस्कार मंडळी. कॉलेज सुटून ट्रान्स हार्बरच्या गाडीत लोंबकळत हेडफोन लावून ऐकणाऱ्यांनाही नमस्कार. आजचा विषय धूरमुक्त कॅम्पस. आणि घाबरू नका, सिगारेट किती वाईट यावर मी लेक्चर देणार नाहीये, ते 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के जागेवर फोटोसकट छापलेलं असतं आणि ते बघत बघतच लोक पाकीट फोडतात. मला बोलायचंय ते कॉलेजच्या गेटवरच्या बोर्डबद्दल. तो एक बोर्ड ठोकला की कॅम्पस धूरमुक्त झाला असं आपण धरून चालतो ना, त्याबद्दल.

आधी थोडं मागे जाऊ. सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढायला बंदी हा विषय देशभर गाजला त्यात आपल्या मुंबईचा मोठा हात आहे बरं का. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले होते, आणि 2 नोव्हेंबर 2001 ला कोर्टाने आदेश दिला की हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, लायब्ररी, कोर्ट, सरकारी ऑफिस, बस-रेल्वे इथे धूम्रपान बंद. मग 2003 चा तंबाखू नियंत्रणाचा कायदा आला, आणि 2008 ला गांधी जयंतीपासून नवे नियम लागू झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. आता दोनशे म्हणजे आजच्या भावात जेमतेम एका पाकिटाचे पैसे, त्यामुळे पोरं त्याला फार भीक घालत नाहीत हे मला मान्य आहे.

पण त्याच नियमांत एक गोष्ट आहे जी कोणी वाचतच नाही. बोर्डचं माप दिलंय, साठ बाय तीस सेंटिमीटर, ते सगळे पाळतात. त्याशिवाय तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव ठळक लावायचं असतं. तुमच्या कॉलेजात असं नाव कुठे लावलेलं दिसलंय का? मी ज्या कॉलेजात शिकवते तिथे ती जागा कितीतरी दिवस कोरी होती, कारण नाव कोणाचं टाकायचं यावरच मीटिंग अडली होती. आणि नाव का महत्त्वाचं, तर तक्रार आली आणि संस्थेने काहीच केलं नाही तर जेवढे गुन्हे तेवढा दंड संस्थेच्या प्रमुखाला लागू शकतो. म्हणजे दहा जणांची तक्रार कानाआड केली तर दहा दंड साहेबांच्या नावावर. दंड करायचा अधिकारही कुलगुरू, डायरेक्टर, प्रिन्सिपल यांना दिलाय.

आणि प्रत्यक्षात कोणाला उभं करतो आपण? वॉचमन काकांना. बिचारे दहा-बारा हजारावर कंत्राटात असतात, त्यांनी कोणाला हटकायचं? एसवायच्या पोराला हटकलं तर तो म्हणतो आत नाही ओढत काका, पार्किंगमध्ये ओढतोय. आणि पार्किंगमध्ये एखादे सर उभे असले की काका दुसरीकडे बघतात, दुसरं करणार काय. माझं तर स्पष्ट मत आहे, स्टाफरूमच्या मागच्या जिन्यात ज्या दिवशी थोटकं सापडायची बंद होतील त्या दिवसापासून पोरांना नियम सांगावा. पावसाळ्यात हा जिना विशेष भरतो, बाहेर उभं राहता येत नाही म्हणून.

काही पोरं हुशार असतात, ती कायदा वाचून येतात. मॅडम, कायद्यात मोकळी जागा वगळलीय, आम्ही तर ग्राउंडवर उभे होतो. बरोबर आहे, 2003 च्या व्याख्येत मोकळी जागा वगळली होती. पण 2008 च्या नियमांनी सांगितलं की स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बस स्टॉप अशा लोक येतात त्या जागा मोकळ्या धरायच्या नाहीत. आणि कॅम्पसच्या बाबतीत तर 2019 च्या केंद्राच्या गाइडलाइन्स आहेत, तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांसाठीच्या, त्यात संस्थेच्या आवारात काहीच चालत नाही. ग्राउंड आवारातच येतं, वाद संपला.

आता गेटच्या बाहेर या. शाळा-कॉलेजपासून 100 यार्डाच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, 100 यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर. आमच्या एनएसएसच्या मुलांनी एकदा टेप घेऊन हे मोजलं, पिवळी रेघ मारायची होती, गाइडलाइनमध्येच आहे ती रेघ. गेटपासून सुरुवात केली तर रेघ रिक्षा स्टँडच्या पुढे गेली, झेरॉक्सवाला आणि दोन टपऱ्या आतच. मग एका मुलीने नियम काढून दाखवला की अंतर गेटपासून मोजायचंच नाही, कंपाउंडच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून चारी बाजूंनी मोजायचं. झालं, मागच्या सर्व्हिस रोडवरची टपरीपण सापडली, जिथे खरी गर्दी असते. तिथे खांबाला सुतळीने लायटर लटकवलेला, खाली गटाराच्या जाळीत फिल्टर अडकलेले. ते कापसाचे नसतात हां, सेल्युलोज अॅसिटेट म्हणजे प्लास्टिकच, सडत नाही लवकर.

टपरीवाल्याला लगेच व्हिलन करू नका. कटिंग आणि वडापाववर त्याचं भागत नाही, सिगारेटच्या नावाने गिऱ्हाईक थांबतं आणि मग चहा पितं. पण सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे हेही त्याला कोणी सांगत नाही. ही बंदी मला महत्त्वाची वाटते, कारण कॉलेजचं पोरगं पहिली सिगारेट पाकीट घेऊन सुरू करत नाही, एक सुटी घेतं, तीही दोघांत. सुटीवर ना फोटो ना इशारा. पालिकेची गाडी येते, टपरी चार दिवस हलते, परत येते. याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही, पण कॉलेजने महिन्यातून एकदा प्रिन्सिपलच्या सहीने वॉर्ड ऑफिसला आणि पोलीस चौकीला लेखी पत्र दिलं तर फरक पडतो, तोंडी सांगून पडत नाही.

आणि एक गंमत बघा. आपण सगळे धुराच्या मागे लागलोय. 2016-17 च्या सरकारी सर्व्हेमध्ये महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्याही आत होते, आणि चघळणारे, मळणारे, मशेरी लावणारे 24 टक्के! गुटख्याला 2012 पासून बंदी असून ही स्थिती. म्हणजे नुसता धूरमुक्त कॅम्पस म्हटलं की जिन्याचे कोपरे लाल ते लालच. पॉलिसी करायची तर तंबाखूमुक्त म्हणा. व्हेप म्हणजे ई-सिगारेटपण त्यातच घ्या, फळाच्या वासाचा असतो म्हणून लायब्ररीत कळत नाही. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेट विकणं, मागवणं सगळं बंद आहे, पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. ग्रुपवर चार पीस मागवून मित्रांना विकणाऱ्या पोरांना हे माहीतच नसतं.

आता ज्यांना सवय लागलीच आहे त्यांचं काय? निकोटिन रक्तात साधारण दोन तासांत अर्ध्यावर येतं. तीन तासांचा पेपर असला की दुसऱ्या तासानंतर पोरगं पेन वाजवायला लागतं, पाणी मागतं, टॉयलेटला जाऊ का विचारतं, सुपरवायझरला वाटतं कॉपी करतोय. त्याला नोटीस देऊन काय होणार. कॉलेजच्या डिस्पेन्सरीत डॉक्टर असतील तर सवय सोडायला मदत करणाऱ्या निकोटिन गमबद्दल विचारायची सोय करा. तो गम आपल्या नेहमीच्या च्युइंगमसारखा चावत बसायचा नसतो, थोडा चावायचा, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचा, परत थोडा चावायचा, नाहीतर मळमळतं आणि लोक म्हणतात गमने काही होत नाही. खारघरला टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे, आपल्या दाराशी कॅन्सरवर एवढं काम चालतं, तिथल्या कोणाला एकदा हॉस्टेलवर बोलवा, भाषणाला नको, प्रश्न विचारायला. आणि शिक्षक, लॅब असिस्टंट, वॉचमन यांनाही त्याच खोलीत बसू द्या, वेगळं नको.

तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी क्विटलाइनचा नंबर लिहून घ्या, फोन फुकट आहे, स्वतःसाठी करा किंवा रूम पार्टनरला लावून द्या. 1800-11-2356. परत सांगते, 1800-11-2356.